फाळक्यांचं उरलंसुरलं

गेले तीन विकांत मी सिनेमे बघण्यात घालवले. यात नवीन ते काय, असं घरच्यांचं म्हणणं पडलं आणि ते खरंही आहे. पण या वेळचे सिनेमे जरा वेगळे होते. एकूण चार. त्यातले तीन शंभर वर्षांपूर्वीचे, मुके आणि अर्धेमुर्धे. तिन्ही मिळून आजच्या एका हिंदी सिनेमाएवढेसुद्धा भरत नाहीत. 'राजा हरिश्चंद्र', 'लंकादहन' आणि 'कालिया मर्दन'. चौथा परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', तो थिएटरमध्ये बघितला होता तेव्हा मी नोकरीत नवा होतो, आता पुन्हा बघितला.

निमित्त अगदीच फुटकळ. ऑफिसच्या एका कॉलवर रिलीज अडकलेलं, सगळे नुसते बसून, तेव्हा बंगलोरचा एक सहकारी गप्पांच्या ओघात म्हणाला, "तू नाशिकचा ना? म्हणजे वाईन, कांदा आणि कुंभमेळा." आम्ही नाशिककर हे ऐकून घ्यायला सरावलेलो असतो. पण पुढे तो म्हणाला, "ते अवॉर्डवाले फाळकेसुद्धा तुमच्याकडचेच. त्यांचा कुठला सिनेमा बघावा?" आणि माझी बोलती बंद. मी स्वतःला सिनेमाचा किडा म्हणवतो. कुरोसावाचे सिनेमे क्रमाने बघितलेत, इराणी सिनेमावर (कुणी विचारलेलं नसताना) तासभर बोलू शकतो. शाळेत असताना फाळके रोडवरून सायकल मारलेली आहे, पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात पाहुण्यांना फिरवून आणलेलं आहे. आणि त्या माणसाचा एकही सिनेमा बघितलेला नाही! त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो.

एक उपयोगाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे सिनेमे नेटवर सापडतात, पण बरेचदा पळत असतात. माणसं तुरुतुरु चालतात, राजा हरिश्चंद्र चार्ली चॅप्लिनसारखा दिसतो आणि आपण उगाच हसतो. दोष त्यांचा नाही. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा चौकटी या वेगाने. बोलपट आल्यावर वेग चोवीसवर ठरला. सोळाने काढलेलं चोवीसने दाखवलं की दीडपट वेगाने पळणारच. वेग पाऊणपट करून बघा. माणसं एकदम माणसांसारखी चालायला लागतात. हा शोध मला पहिला सिनेमा पूर्ण बघून झाल्यावर लागला, त्यामुळे तो पुन्हा पहिल्यापासून बघितला. असो.

फाळक्यांची सुरुवातीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, त्यामुळे भराभर सांगतो. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. वडील संस्कृतचे पंडित. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, फोटोग्राफी, जादूचे प्रयोग, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग स्वतःचा छापखाना, त्यासाठी जर्मनीची वारी, आणि मग भागीदारांशी मतभेद होऊन छापखान्याला रामराम. चाळिशी उलटलेली, घरात मुलंबाळं, हाताला काम नाही. अशा वेळी गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट बघितला आणि पडद्यावर आपला राम-कृष्ण का नाही, या विचाराने त्यांना झपाटलं. सिनेमे बघून बघून डोळे इतके शिणले की काही काळ दिसेनासं झालं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला जाऊन थेट भेटले, त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत सगळं बघून आले, आणि विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन एप्रिलमध्ये परत. दोन महिन्यांचा क्रॅश कोर्स! सिनेमा काढण्याआधी भांडवलवाल्यांना पटवायला त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि काही मिनिटांत वाढणारं रोप पडद्यावर दाखवलं. आपण ज्याला डेमो म्हणतो तो हाच. आणि डेमो चांगला झाला की पैसे मिळतात, हे तेव्हाही खरं होतं.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात लागला. लांबी ३७०० फूट. शूटिंग दादरला. तारामतीच्या भूमिकेला एकही बाई तयार झाली नाही, म्हणून ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हे सगळं 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त फार गमतीशीर आलंय. नंदू माधव यांचे फाळके सतत कशाने तरी भारलेले असतात, दुःख करायला त्यांना वेळच नसतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी निव्वळ हसलो होतो. या वेळी मात्र माझं लक्ष फाळक्यांवरून वारंवार विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाईंकडे जात होतं. वय झालं असावं माझं!

सरस्वतीबाईंबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. पहिली बायको आणि मूल प्लेगात गेल्यावर फाळक्यांचं हे दुसरं लग्न. पहिल्या चित्रपटाच्या वेळी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता, हे सगळे सांगतात. पण त्यांचं खरं काम रात्री सुरू व्हायचं. त्या वेळची कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. ती भोकं यंत्राने आपली आपण पाडायची, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. हे काम सरस्वतीबाईंचं. रसायनं कालवणं आणि फिल्म धुणं हेही त्यांच्याकडे. दिवसा शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, म्हणजे प्रकाश उलटून नटांच्या तोंडावर पडतो.

मी सवयीने हिशोब करायला बसलो. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी. प्रत्येक चौकटीला एका कडेला चार आणि दुसऱ्या कडेला चार अशी आठ भोकं. ३७०० गुणिले सोळा गुणिले आठ म्हणजे चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. ही फक्त पूर्ण झालेल्या चित्रपटाच्या एका प्रतीची. निगेटिव्हची वेगळी, वाया गेलेल्या फिल्मची वेगळी. यंत्राच्या एका दाबाला एकाहून जास्त भोकं पडत असली तरी ते यंत्र चालवायला हात लागतोच. एक भोक तिरकं पडलं तर फिल्म कॅमेऱ्यात अडकणार किंवा पडद्यावर चित्र उड्या मारणार. हा हिशोब मी आईला सांगितला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आणि सकाळी साठ माणसांच्या पोळ्या." माझ्या हिशोबात पोळ्या धरलेल्या नव्हत्या.

फाळक्यांनी तारामतीची भूमिका सरस्वतीबाईंनाही विचारली होती. त्या नाही म्हणाल्या. त्यांच्याकडे आधीच असलेली कामं बघता मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं.

आता नाशिक. पहिला चित्रपट चालल्यावर १९१३ मध्येच फाळके कंपनी घेऊन नाशिकला आले. मुंबई सोडून नाशिक का? एक तर गावची ओढ, त्र्यंबक इथून हाकेच्या अंतरावर. पण माझ्या मते जास्त मोठं कारण व्यवहाराचं होतं. तेव्हा शूटिंग उन्हात व्हायचं. पौराणिक कथांना काय काय लागतं? नदी, घाट, दगडी देवळं, डोंगर, गुहा, रान, आणि ज्याच्या मागे विजेचे खांब दिसणार नाहीत असं क्षितिज. हे सगळं नाशिक-त्र्यंबकच्या परिसरात फुकट उभं होतं. गोदावरीचा काठ म्हणजे तयार सेट. त्यात राम, सीता, लक्ष्मण हे इथल्या लोकांना शेजाऱ्यासारखे. पंचवटीत सीतागुंफा आहे, काळाराम आहे. जिथे लहान पोरालाही सीताहरण कुठे झालं ते बोटाने दाखवता येतं, तिथे 'लंकादहन' काढायचा!

नाशिकमध्ये काढलेला पहिला चित्रपट 'मोहिनी भस्मासुर'. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयाची मुलगी कमलाबाई मोहिनी. भारतीय चित्रपटात बायकांची कामं बायकांनी करायला सुरुवात झाली ती इथे. या कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखले यांच्या आई आणि विक्रम गोखले यांच्या आजी. म्हणजे त्या घराण्याचा सिनेमाचा श्रीगणेशा आमच्या गावात झाला. 'मोहिनी भस्मासुर'ची फिल्म आज उपलब्ध नाही. 'सत्यवान सावित्री' १९१४ चा, तोही नाही. हे वाक्य या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहे, सवय करून घ्या.

फाळक्यांची नाशिकची कंपनी म्हणजे एक मोठं एकत्र कुटुंब होतं. बागबगीचा असलेल्या विस्तीर्ण आवारात शंभराच्या आसपास माणसं राबायची. पगार महिन्याचा. तिथे वाचनालय होतं, व्यायामशाळा होती, छोटंसं प्राणिसंग्रहालयही होतं. (आपल्या ऑफिसातलं टेबल टेनिसचं टेबल आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.) सिनेमात काम करणं तेव्हा इतकं कमीपणाचं होतं की, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे असं सांगा, असं फाळक्यांनी पहिल्या चित्रपटाच्या वेळी आपल्या माणसांना शिकवून ठेवलं होतं. मोकाशींच्या सिनेमाचं नाव तिथून आलंय.

'लंकादहन' १९१७ चा. आज त्याचा जेमतेम काही मिनिटांचा तुकडा उरलाय. अशोकवनात सीता बसलेली, झाडावर हनुमान. सीता म्हणजे पुन्हा आपले अण्णा साळुंके, आणि याच चित्रपटात राम म्हणजेसुद्धा साळुंकेच! राम आणि सीता एकच माणूस, भारतीय पडद्यावरचा पहिला डबल रोल. तुकडा थांबवून थांबवून बघितला. सीतेचे दंड अंमळ भरीव आहेत हे खरं, पण बसण्यात आणि मान वळवण्यात एक सभ्य दुःख आहे. उपाहारगृहात काम करणारा माणूस चार वर्षांत इथवर आला होता. पुढे तर तो कंपनीत कॅमेराही चालवू लागला. साळुंकेंवर कुणीतरी स्वतंत्र सिनेमा काढायला हवा, फाळक्यांवर एक झालाय.

'लंकादहन'ने अफाट पैसा मिळवला. पडद्यावर राम आला की लोक चपला काढून हात जोडायचे आणि मद्रासकडे तिकिटांची चिल्लर बैलगाडीत घालून न्यावी लागली, अशा गोष्टी सांगतात. बैलगाडीत तिखटमीठ किती आणि नाणी किती ते सोडून देऊ. पण पैसा आला हे नक्की, आणि पैशापाठोपाठ पैसेवाले आले.

इथून पुढचा भाग 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त नाही. तो सिनेमा यशाच्या पायरीवर येऊन थांबतो आणि त्याने थांबायला हरकतही नाही. पण १९१४ नंतर हा माणूस तीस वर्षं जगला आणि त्यातली बरीचशी नाशिकमध्ये. दुसऱ्यांदा लंडनला गेले तेव्हा तिथे काम करायच्या ऑफर आल्या होत्या, त्या नाकारून परत आले, तोवर पहिलं महायुद्ध सुरू झालं, भांडवल देणाऱ्यांनी हात आखडते घेतले, सरस्वतीबाईंचे दागिने पुन्हा कामी आले. 'लंकादहन'च्या यशानंतर १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. पाच भांडवलदार भागीदार, वामन श्रीधर आपटे व्यवस्थापक भागीदार, आणि फाळके कार्यकारी भागीदार. म्हणजे कल्पना, कसब आणि मेहनत यांची, पैसा त्यांचा.

तुमच्यापैकी जे कुणी स्टार्टअपमध्ये राबले असतील त्यांना पुढची गोष्ट सांगायची गरज नाही. 'श्रीकृष्ण जन्म' १९१८ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकला लागला आणि धो धो चालला. 'कालिया मर्दन' १९१९ मध्ये त्याच मॅजेस्टिकला, तोही महिनोन्‌महिने. दोन्ही हिट. तरी भांडणं. भागीदारांना वेळेत आणि ठरलेल्या खर्चात चित्रपट हवे होते. फाळक्यांना शॉट मनासारखा होईपर्यंत थांबायचं होतं. माझी सहानुभूती अर्थातच फाळक्यांना आहे, पण मी स्वतः चार वर्षं टीम सांभाळलीय आणि 'अजून दोन दिवस द्या, मस्त करून देतो' म्हणणाऱ्या हुशार माणसाबरोबर काम करणं काय असतं हेही मला माहीत आहे. भागीदार अगदीच खलनायक असतील असं मला वाटत नाही. शेवटी फाळके कंपनी सोडून बायकापोरांसह काशीला निघून गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. 'संदेश'कार अच्युतराव कोल्हटकरांनी त्यांना पत्र लिहून परत यायची गळ घातली, तर उत्तर आलं की चित्रपटापुरता मी मेलो आहे. कोल्हटकर पक्के पत्रकार. त्यांनी ते उत्तर फाळके मेले अशा मथळ्याखाली छापून टाकलं! वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला.

१९२२ मध्ये फाळके नाशिकला परतले, त्याच हिंदुस्तान कंपनीत. पण आता भागीदार म्हणून नव्हे. निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार, महिना हजार रुपये पगार. आकडा तेव्हाच्या मानाने घसघशीत. पण स्वतः उभ्या केलेल्या कंपनीत पगारी नोकर म्हणून पहिल्या दिवशी फाटकातून आत जाताना त्या माणसाला काय वाटलं असेल? बापू वाटव्यांचं चरित्र वाचताना मी याच जागी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझा एक जुना बॉस आठवला, कंपनी विकल्यावर तो स्वतःच्याच केबिनबाहेर व्हिजिटरचा बिल्ला लावून बसला होता.

काळ मात्र थांबत नव्हता. कोल्हापुरात बाबूराव पेंटर, मग प्रभात. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' आला, आणि तो लागला मॅजेस्टिकमध्येच, जिथे फाळक्यांच्या कृष्णाने गर्दी खेचली होती. त्या वेळी फाळके 'सेतुबंधन' या मूकपटात अडकले होते. पैसा संपला, काम रखडलं, आणि १९३२ मध्ये तो पूर्ण होईपर्यंत मूकपट बघणारं कुणी राहिलं नव्हतं. मग त्यावर नंतर आवाज चढवला. त्याच १९३२ मध्ये शांतारामांचा 'अयोध्येचा राजा' आला, पहिला मराठी बोलपट. कथा कुठली, तर राजा हरिश्चंद्राचीच. आणि तारामती? दुर्गा खोटे. एकोणीस वर्षांत अण्णा साळुंक्यांपासून दुर्गा खोट्यांपर्यंत. फाळक्यांना हे बघून आनंद झाला असेल की पोटात तुटलं असेल? मला वाटतं दोन्ही. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट केला, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. मग नाशिक. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इथेच गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून, म्हणजे पंचवीस वर्षांनी सुरू झाला.

फाळक्यांच्या नावावर ९५ मोठे आणि २७ छोटे चित्रपट सांगितले जातात. छोट्यांमध्ये सिंहस्थ मेळ्यावरचा आहे, तळेगावच्या काचकारखान्यावरचा आहे. शंभर वर्षांपूर्वीचा नाशिकचा सिंहस्थ, हलत्या चित्रात! तो मिळाला तर मी ऑफिसला सुट्टी टाकून बघेन. पण हाताशी उरलंय ते बघा: 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं, 'लंकादहन'चा तुकडा, 'श्रीकृष्ण जन्म'चा काही भाग, 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग, 'सेतुबंधन'चे अंश, आणि चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक लघुपट, ज्यात खुद्द फाळके काम करताना दिसतात. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले तीसेक कसेबसे हाताशी आहेत.

याचं कारण त्या फिल्ममध्येच होतं. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. भयंकर ज्वालाग्राही, पेटली की पाण्यानेही विझत नाही. नाही पेटली तरी उष्णतेत आणि दमटपणात हळूहळू चिकट होत जाते आणि शेवटी तिची भुकटी होते. वर फिल्मवर चांदीचे कण असतात, त्यामुळे बोलपट आल्यावर जुनी रिळं भंगारात विकून त्यातली चांदी काढणं हा धंदाच झाला. म्हणजे चित्रपट वितळवून त्याचे पैसे केले. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापनाच मुळी १९६४ ची. तोपर्यंत फाळक्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरून, गोदामांतून रिळं गोळा केली. 'कालिया मर्दन'चे तुकडे फाळक्यांच्या कुटुंबाकडून मिळाले आणि ते जुन्या नोंदींच्या आधाराने क्रमाने जोडले. नायर यांच्यावरचा 'सेल्युलॉइड मॅन' हा २०१२ चा माहितीपट जरूर बघा. आणि एवढं सगळं करूनही २००३ मध्ये पुण्यातच आग लागली आणि कितीतरी नायट्रेट रिळं जळून गेली.

आणि आता खरी गंमत. आपण सगळे ज्याला १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' म्हणून बघतो, ती उरलेली दोन रिळं १९१३ ची नसावीत असं काही अभ्यासकांचं मत आहे. मूळ प्रत जळाल्यावर फाळक्यांनी १९१७ मध्ये तीच कथा पुन्हा चित्रित केली, 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र', आणि आपल्याकडे आहेत ती रिळं त्या दुसऱ्या चित्रपटाची. हे वाचल्यावर मी रिळं पुन्हा लावली. सुरुवातीला राजा छोट्या रोहिताला धनुष्यबाण शिकवतोय, शेजारी राणी, सगळं राजा रवि वर्म्याच्या चित्रासारखं मांडलेलं. ते मत खरं असेल, तर भारताचा पहिला चित्रपट आज कुणाकडेच नाही, आणि तो समजून जो आपण शताब्दीला जागोजागी दाखवला तो नाशिकच्या कंपनीचा. नाशिककर म्हणून मला याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बॅकअपलाच मूळ समजून बसण्याची ही गोष्ट मला ऑफिसमुळे चांगलीच परिचयाची आहे, आणि घरामुळेही.

घरचं असं, की आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची आमच्याकडे एक व्हीएचएस कॅसेट होती. बाबांनी मुद्दाम व्हिडिओवाला बोलावला होता. कॅसेट वीस वर्षं कपाटात. बाबा गेल्यावर मी ती काढली तर आत पांढरी बुरशी. एका दुकानात दिली, त्याने साफ करून जेवढं निघालं तेवढं पेनड्राइव्हवर दिलं. दोन तासांपैकी अकरा मिनिटं. आवाज गेलाय. बाबा पंगतीत वाढताना एकदा कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणतात आणि सगळे हसतात. काय म्हणतात ते मी ओठांवरून कितीदा तरी वाचायचा प्रयत्न केलाय. मायग्रेशन करताना एकही रेकॉर्ड हरवला नाही म्हणून कौतुकाची ईमेल मिळालेला मी इसम, माझ्या घरचा हा रेकॉर्ड.

तिसऱ्या रविवारी आईला बरोबर घेऊन 'कालिया मर्दन' लावला, पाऊणपट वेगाने. हा चारही सिनेमांतला माझा सगळ्यात लाडका. सुरुवातीला फाळक्यांची लेक मंदाकिनी, असेल सहासात वर्षांची, कॅमेऱ्यासमोर नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. राग, हसू, रडू. मग तिच्या चित्रातून विरघळत कृष्ण तयार होतो. मोठी चतुर युक्ती आहे ही. ही माझी मुलगी आहे हे फाळके आधी सांगून टाकतात, आणि दहा मिनिटांत तुम्ही ते विसरता. पुढे हा कृष्ण लोणी चोरतो, झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. आई इतकी हसली की ठसका लागला. म्हणाली, "कार्टी द्वाड आहे." कृष्ण यमुनेत उडी मारतो तेव्हा काठावरची माणसं ऊर बडवतात, आणि पाण्याखाली एवढीशी पोर त्या भल्या मोठ्या नागाशी झुंजते. दोऱ्या आणि लाकूड-कापडाचा नाग आहे हे दिसतं. तरी आईने उशी पोटाशी धरली होती.

मध्ये एका ठिकाणी दृश्य तुटून भलतंच सुरू झालं. आई म्हणाली, "अरे, मधलं गेलं का?"

"तेवढं नाहीये," मी म्हटलं.

"बरं. आहे ते लाव." थोड्या वेळाने स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "हे झालं की ते आपलं लाव. पंगतीचं. आणि असंच हळू लाव."